शब्दांची पायरी आणि शब्दांचे गाव

सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी गेली काही वर्षे इंग्लंडमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. मध्यंतरी तिचे पत्र आले. रात्रपाळीत एका वृद्ध रुग्णाचे निधन झाले आणि पहाटे आलेल्या त्याच्या मुलीला ती वार्ता सांगण्याची वेळ हिच्यावर आली. इकडे रुग्णालयात असताना जो शब्द रोज कानांवर पडे, कागदोपत्री लिहिला जाई, तोच तिने वापरला. आपले वडील 'एक्स्पायर' झाले, असे तिने हात जोडून, हळू आवाजात सांगितले. त्या बाईंना प्रथम अर्थबोधच झाला नाही, आणि झाला तेव्हा त्यांना तो अपमान वाटला. त्यांच्या लेखी दुधाची बाटली, वाहनाचा परवाना, पारपत्र या गोष्टी 'एक्स्पायर' होतात. जन्मदाता बाप होत नाही. तक्रार झाली, वरिष्ठांनी समजूत घातली आणि प्रकरण मिटले. पण मुलीच्या मनातून ते गेले नाही. 'सर, मी त्यातल्या त्यात आदराचा शब्द निवडला होता. माझे चुकले कोठे?' असे तिने विचारले आहे.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. इंग्रजीत अर्ज लिहिणारा पदवीधर, खलिता तयार करणारा कारकून आणि फळ्यावर समानार्थी शब्दांची जोडी मांडणारा शिक्षक, या सर्वांचा तो आहे. आणि त्याचे उत्तर 'तुमचे व्याकरण कच्चे' असे देता येत नाही, कारण तिच्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हतीच. शब्दही कोशातला होता. किंबहुना 'एक्स्पायर'चा मूळ लॅटिन अर्थ श्वास बाहेर टाकणे असा आहे. म्हणजे आपल्या 'प्राण सोडणे' या प्रयोगाशी त्याचे सख्खे नाते. जुन्या इंग्रजी वाङ्मयात माणसे या अर्थाने 'एक्स्पायर' होतही असत. आज इंग्लंडमधील घरगुती बोलण्यात ती होत नाहीत, एवढाच फरक. परंतु दुःखाच्या प्रसंगी एवढाच फरक पुरेसा होतो.

हीच मुलगी मराठीत कधी चुकली असती काय? मराठीत मृत्यूची पायरी ओळखायला कोणाला शाळेत जावे लागत नाही. साप मरतो, शेजारचे आजोबा वारतात, घरातली म्हातारी 'गेली' एवढे म्हटले तरी पुरते. संन्यासी समाधिस्थ होतो, वारकरी वैकुंठवासी होतो, सैनिक धारातीर्थी पडतो, पुढाऱ्याचे निधन होते आणि ६ डिसेंबरला आपण महापरिनिर्वाण दिन म्हणतो, त्या शब्दाच्या जागी दुसरा कोणताही शब्द कोणी सुचवणार नाही. या सर्व शब्दांचा 'अर्थ' एक आहे असे म्हणणारा मनुष्य अर्थ या शब्दाचाच अर्थ जाणत नाही. जी गोष्ट पायरीची, तीच गावाची. विदर्भात भाजीवालीकडे सांभार मागितला तर कोथिंबिरीची जुडी हाती येते. पुण्याच्या उपाहारगृहात तोच उच्चार केला तर इडलीबरोबरची वाटी पुढे येते. दोन्ही ठिकाणचा माणूस बिनचूक मराठी बोलत असतो.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये बसून औचित्याचा जो विचार मांडला त्याचे मर्म हेच आहे. मेखला गळ्यात आणि हार कमरेला बांधला तर दागिने खरे असूनही घालणाऱ्याचे हसे होते. आपण मराठी माणसे स्वतःच्या भाषेत हार गळ्यातच घालतो. इंग्रजीत मात्र दागिन्यांची पेटी तेवढी आपल्या हाती दिली गेली. कोणता दागिना कोठे घालावयाचा हे सांगायला घरात आजी नव्हती.

इंग्रजीत अशा समानार्थी शब्दांची एवढी गर्दी का, हे समजून घेतले तर निवड करणे पुष्कळ सोपे होते. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय व सरदारांची घरे यांत फ्रेंच भाषा आली. शेत, गोठा, चूल आणि पाळणा येथे जुनी अँग्लो-सॅक्सन बोली टिकून राहिली. गोठ्यात उभी असते ती 'काऊ', ताटात येते ते 'बीफ'; पहिला शब्द राबणाऱ्याचा, दुसरा खाणाऱ्याचा. स्कॉटने १८१९ साली प्रसिद्ध केलेल्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडून हे मार्मिकपणे वदवले आहे. पुढे धर्म, विद्या आणि शास्त्र यांच्या निमित्ताने लॅटिनमधून थेट शब्द आले. असे एकावर एक तीन थर बसले. 'आस्क' हा घरचा, 'क्वेश्चन' हा फ्रेंच वळणाचा आणि 'इंटरॉगेट' हा लॅटिन. अनोळखी गावात आपण रस्ता 'आस्क' करतो. साक्षीदाराला 'क्वेश्चन' करतात. 'इंटरॉगेट' करण्यासाठी समोर संशयित लागतो आणि बहुधा दारावर पहाराही. 'किंगली', 'रॉयल', 'रीगल' किंवा 'बिगिन', 'कमेन्स', 'इनिशिएट' ही त्याच वंशावळीची उदाहरणे.

न्यायालयांतील युक्तिवाद लोकांना कळेनासे झाले म्हणून ते इंग्रजीत चालावेत असा कायदा १३६२ मध्ये झाला. गंमत अशी की तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! मृत्युपत्राला आजही 'विल अँड टेस्टमेंट' म्हणतात. त्यातला एक शब्द इंग्रजी, दुसरा लॅटिन. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. आपल्या 'कागदपत्र' या शब्दात अर्धा भाग फारसी दफ्तरातला व अर्धा संस्कृतातला आहे आणि 'धनदौलत'ही तशीच दोन घरची आहे. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा शब्दाला कूळ असते आणि कुळाबरोबर अधिकारही येतो, ही जाण त्यामागे होती.

येथेच आपल्या मुख्य चुकीचे मूळ सापडते. मराठीत संस्कृत शब्द आला की भाषा एक पायरी वर चढते, बोलण्याला मान येतो. 'बसा' याहून 'आसनस्थ व्हावे' हे अधिक आदराचे. पाण्याचे जल झाले, उदक झाले की त्याला पावित्र्य येते. ही सवय मनात घेऊन आपण इंग्रजीकडे गेलो आणि लांब, लॅटिन वळणाचा शब्द तो आदराचा, आखूड शब्द तो गावंढळ, असे गृहीत धरून बसलो. इंग्रजीत अनेकदा नेमके उलटे आहे. तेथे लांब शब्दाला कचेरीचा, न्यायालयाचा आणि यंत्राचा वास येतो. माणसामाणसांतील जिव्हाळा, शोक, कृतज्ञता ही आखूड, घरच्या शब्दांतच वावरतात. सभा 'एंड' होते, नोकरी 'टर्मिनेट' होते. आमचा कारकून मात्र इतिवृत्तात सभासुद्धा 'टर्मिनेट' करतो आणि आपण भारदस्त लिहिले या समाधानात घरी जातो. माझ्या विद्यार्थिनीनेही तेच केले. तिने मान द्यायचा म्हणून वरची पायरी शोधली, आणि त्या पायरीवर माणूस नव्हता, शिक्का होता.

याला इंग्लंडमधील वर्गव्यवस्थेचीही एक मजेदार साक्ष आहे. १९५४ साली बर्मिंगहॅमचे प्राध्यापक ॲलन रॉस यांनी फिनलंडमधील एका भाषाशास्त्रीय नियतकालिकात उच्चवर्गीयांच्या आणि इतरांच्या शब्दांची तुलना केली. पुढच्याच वर्षी लेखिका नॅन्सी मिटफर्ड यांनी 'एन्काउंटर'मध्ये त्यावर लेख लिहिला आणि साऱ्या इंग्लंडला आपापले शब्द तपासण्याची धास्ती पडली. त्या यादीनुसार खरा उमराव 'नॅपकिन' म्हणतो. 'सर्व्हिएट' म्हणतो तो मध्यमवर्गीय. आणि उमरावाच्या घरी माणूस सरळ 'डाय' होतो. 'पास ऑन' होणे हे सभ्य दिसण्याची धडपड करणाऱ्यांचे लक्षण मानले गेले. ही उमरावी मिजास आपण शिरोधार्य मानण्याचे काही कारण नाही. आज पुष्कळ सालस इंग्रज माणसे हळुवारपणे 'पास्ड अवे' म्हणतात आणि कोणी त्यांना हसत नाही. परंतु साधा शब्द म्हणजे खालचा शब्द हा आपला समज इंग्रजांच्याच घरी किती निराधार आहे, ते यावरून दिसते.

कारकुनी इंग्रजीची हजेरी इंग्रजांनी स्वतःही घेतली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी 'प्लेन वर्ड्स' हे छोटे पुस्तक १९४८ मध्ये लिहिले. त्याची संकलित आवृत्ती १९५४ मध्ये निघाली आणि २०१४ साली त्यांच्या पणतीने ती पुन्हा सुधारून प्रसिद्ध केली. जनतेला पत्र लिहिणाऱ्या बाबूने समोरच्या माणसाला समजेल अशा शब्दांत लिहावे, हा त्याचा गाभा. त्याआधी १९०६ मध्ये फाउलर बंधूंनी परिचित शब्द अपरिचितापेक्षा आणि आखूड शब्द लांबापेक्षा श्रेयस्कर, असा नियम घालून दिला होता. त्यांतील थोरल्या फाउलरने १९२६ च्या आपल्या ग्रंथात निव्वळ अँग्लो-सॅक्सन शब्दांचा सोस धरणाऱ्यांनाही चिमटे काढले, हेही सांगितले पाहिजे. वैद्यकाच्या अहवालात 'स्वेट'पेक्षा 'पर्स्पिरेशन' शोभेल आणि करारनाम्यात 'कमेन्स' हाच शब्द योग्य ठरेल. आखूड शब्दाचाही मंत्र होऊ नये.

आता गावाची गोष्ट. पायरी चुकली तर माणूस दुखावतो. गाव चुकले तर कधी कधी अर्थच उलटा होतो. अमेरिका युद्धात उतरल्यानंतर वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश व अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची परिषद भरली. एक टिपण तातडीने विचारात घ्यावे म्हणून ब्रिटिशांनी ते 'टेबल' करण्याचा आग्रह धरला. अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. बराच वेळ, बऱ्याच कडवटपणे वाद झाल्यावर उलगडा झाला की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. ब्रिटनमध्ये 'टेबल' करणे म्हणजे चर्चेसाठी पुढे ठेवणे, अमेरिकेत बाजूला सारणे. चर्चिलने आपल्या महायुद्धाच्या इतिहासात हा प्रसंग नोंदवला आहे. आपली संसद ब्रिटिश वळणाची, म्हणून आपल्याकडे कागद सभागृहाच्या 'पटलावर' ठेवला जातो तेव्हा तो पुढे आणलेला असतो. अमेरिकन बातमी वाचताना तो मागे ढकललेला असतो. विद्यापीठाच्या परीक्षेत हे कोणी विचारत नाही.

'बिलियन'चीही अशीच कथा. ब्रिटनमध्ये तो शब्द पूर्वी दशलक्षाच्या दशलक्षपटीसाठी, म्हणजे एक लाख कोटींसाठी वापरत. अमेरिकेत केवळ शंभर कोटींसाठी. १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी सरकारी आकड्यांत यापुढे अमेरिकन अर्थच धरला जाईल असे सांगितले. त्यापूर्वीचे इंग्रजी पुस्तक हाती घेणाऱ्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. 'पब्लिक स्कूल' इंग्लंडमध्ये श्रीमंतांची, अमेरिकेत सरकारी. 'पेव्हमेंट' इंग्लंडमध्ये पादचाऱ्याची, अमेरिकेत बहुधा मोटारींची. 'क्वाइट गुड' असे अमेरिकन माणूस म्हणाला तर खुशाल आनंद मानावा. इंग्रज म्हणाला तर थोडे थांबून त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.

या दोन गावांतले खरे इंग्रजी कोणते, हा वाद आपल्या शिक्षकांना फार प्रिय आहे. बहुधा तो 'ब्रिटिश ते शुद्ध, अमेरिकन ते भ्रष्ट' या निकालाने संपतो. इतिहास या निकालाला दुजोरा देत नाही. अमेरिकन लोक शरद ऋतूला 'फॉल' म्हणतात तो शब्द इंग्लंडमधूनच सतराव्या शतकात वसाहतवाल्यांबरोबर गेला. मागे राहिलेल्या इंग्लंडने 'ऑटम' जवळ केला. नोहा वेब्स्टरने १८०६ आणि १८२८ च्या कोशांतून 'कलर'मधला 'यू' गाळला व 'सेंटर'चे शेपूट फिरवले, हे खरे. पण 'ऑर्गनाइझ' शब्दात 'झेड' लिहिणे म्हणजे अमेरिकन पाप, असे समजून लाल शाई चालवणाऱ्यांनी ऑक्सफर्डचा थोरला कोश उघडून पाहावा. ग्रीक व्युत्पत्तीला धरून तो 'झेड'च लिहितो.

लाल शाईचा विषय निघाला म्हणून स्वतःचाही एक गुन्हा कबूल करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुलाने निबंधात 'एलिव्हेटर' आणि 'फॉल' हे शब्द लिहिले. पाठ्यपुस्तकात 'लिफ्ट' आणि 'ऑटम' होते. मी दोन्ही खोडले, गुण कापले आणि समासात 'चूक' असे लिहिले. मुलगा हुशार होता. दूरदर्शन संचावर परदेशी चित्रपट पाहून त्याने ते शब्द स्वतःहून टिपले होते. समासात 'हे अमेरिकेत चालते. एका निबंधात एकच गाव ठेव' एवढे लिहायला मला किती शाई लागली असती? त्या मुलाने पुढे वर्गात नवा शब्द वापरलेला मला आठवत नाही.

मग आपले स्वतःचे गाव कोणते? ते आहे, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. 'पोस्टपोन'ला जोड म्हणून आपण रूढ केलेला 'प्रीपोन' हा शब्द इतका सोयीचा आहे की ऑक्सफर्डच्या कोशांनाही त्याची नोंद घ्यावी लागली. 'लाख' आणि 'क्रोअर' यांवाचून आपला अर्थसंकल्प वाचताच येणार नाही. मात्र आपल्या गावच्या काही शब्दांवर कंपनी सरकारच्या दफ्तराची धूळ आहे. 'डू द नीडफुल' हा प्रयोग एके काळी इंग्लंडमधील व्यापारी पत्रांतही चाले. तेथे तो बहुतांशी विझला, आपल्या कचेऱ्यांत तेवत राहिला. 'रिव्हर्ट' म्हणजे आपल्याकडे उत्तर पाठवणे, तिकडे पूर्वस्थितीला परत जाणे. सर्वांत फसवा शब्द 'काइंडली'. आपण तो कृपया या अर्थाने ओळीओळीला पेरतो. इंग्रज कानाला त्यात पुष्कळदा दटावणीचा सूर लागतो. 'काइंडली रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट' असे अदबीने लिहिणाऱ्या आमच्या कारकुनाला लंडनहून तुटक उत्तर का आले, हे त्याला कधी कळत नाही. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या पत्रात हे शब्द खुशाल असावेत. समुद्र ओलांडणाऱ्या पत्रात ते तपासून घ्यावेत.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. मुलांच्या शब्दांची संख्या वाढली असेल. त्या शब्दांची पायरी आणि गाव अजूनही बहुतेक वर्गांत कोणी सांगत नाही. 'पुढील शब्दांचे समानार्थी शब्द लिहा' हा प्रश्न मुलाला वर्षानुवर्षे एकच गोष्ट शिकवतो की 'बिगिन' आणि 'कमेन्स' हे एकमेकांच्या जागी उचलून ठेवता येतात. त्याऐवजी दोन वाक्ये, एक आईला लिहिलेल्या चिठ्ठीतले व एक न्यायालयाच्या नोटिशीतले, देऊन कोणता शब्द कोठे बसेल आणि का, असे विचारता येईल. तपासणाऱ्याला अधिक वेळ लागेल हे खरे. साठ-सत्तर मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकावर आणखी एक ओझे टाकताना माझाही हात आखडतो. परंतु प्रश्नपत्रिका बदलल्याखेरीज वर्गातील शिकवणे बदलत नाही, हा आपला जुना अनुभव आहे.

साधनांची उणीव तर आता राहिलेली नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी या शिक्षकाने परक्या विद्यार्थ्यांची अडचण ओळखून एक कोश रचला. तो १९४२ मध्ये तोक्योत छापला गेला व १९४८ मध्ये ऑक्सफर्डने आपला केला. त्याच्या आजच्या आवृत्तीत शब्दापुढे तो औपचारिक की घरगुती, जुनाट की चालू, ब्रिटिश की अमेरिकन की भारतीय, याची खूण दिलेली असते. हा कोश हातातल्या दूरध्वनीवर फुकट उघडतो. आमची मुले त्यात अर्थ पाहतात आणि खूण न वाचता मिटतात, कारण खूण परीक्षेला नसते. संगणक 'कलर'च्या ब्रिटिश वर्णनाखाली लाल रेघ ओढतो तेव्हा ते अमेरिकेचे मत आहे, चुकीचा निवाडा नव्हे, हेही त्यांना कोणी सांगितलेले नसते. आता तर पत्रच्या पत्र लिहून देणारी यंत्रे आली आहेत. यंत्र शब्द देईल. पण पत्र कोणाला जाते आहे आणि त्याच्या घरी काय घडले आहे, हे यंत्राला सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याला आधी ते महत्त्वाचे वाटावे लागते.

माझ्या विद्यार्थिनीला मी यातले पुष्कळसे लिहून कळवले. तिचे उत्तर आले आहे. तिकडे परिचारिकांना आता शिकवतात की अशा वेळी आडवळणाचे शब्द टाळून स्पष्टपणे 'डाइड' म्हणावे, म्हणजे शोकाकुल माणसाच्या मनात संदेह राहत नाही. ती तसे म्हणते. समोरची माणसे ते समजून घेतात, तिचा हात हातात घेतात, आभारही मानतात. मात्र तो शब्द उच्चारताना आपली जीभ अजून अडखळते, असे तिने लिहिले आहे. इंग्रजीत 'डाइड' म्हणताना आतून तिला 'मेले' असेच ऐकू येते.